ओला टिपकागद

१

मे महिन्यात नागपुरात ओलं काही टिकत नाही. लुगडं दोरीवर टाकून मागे वळावं तर त्याचं पहिलं टोक कडक झालेलं असतं. माठावरचं फडकं दिवसातून दहादा भिजवावं लागतं. कॉलेजला सुट्ट्या लागल्या की वनस्पतिशास्त्र विभागाकडे कोणी फिरकत नसे. शामला मात्र रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, धंतोलीहून पायी यायची, हर्बेरियमचं कुलूप काढायची, खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या खसताटीवर बादलीभर पाणी मारायची आणि नवऱ्यानं आणलेली झाडं ओळखायला बसायची.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कोठार. लांबोडकी खोली, भिंतीला टेकून लोखंडी कपाटं, त्यांत कागदावर शिवलेली झाडं आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. नवीन माणसाला तिथं पाच मिनिटांत डोकेदुखी सुरू व्हायची. शामलाला त्या वासाशिवाय आता करमत नसे.

तिचा नवरा कृष्णकांत याच विभागात शिकवायचा. त्याचा जीव एकाच कुळावर होता, सूर्यफुलाच्या. शेवंती, झेंडू, करडई, रस्त्याकडेची एकदांडी, अलीकडे गावभर माजलेलं गाजरगवत, सगळी त्याच कुळातली. या कुळाचं फूल म्हणजे एक फूल नसतंच. एका हिरव्या वाटीत शेकडो बारकी फुलं दाटीनं बसलेली असतात आणि आपल्याला दुरून एकच दिसतं. ‘देवाला एक झेंडू वाहिला म्हणता, अख्खं गाव वाहून येता तुम्ही,’ असं तो पोरांना सांगायचा. वाळलेलं फूल ओळखायचं तर ते उकळत्या पाण्यात टाकून मऊ करायचं, सुईनं उकलायचं आणि भिंगाखाली एकेक बारकं फूल पाहायचं. सगळ्यात शेवटी पाहायचे बीच्या डोक्यावरचे केस, कारण एकसारख्या दिसणाऱ्या दोन झाडांचा निवाडा पुष्कळदा त्या केसांवर होतो.

पासष्ट साली, पावसाळा सरताना, तो गढवालात झाडं गोळा करायला गेला आणि परत आला नाही. धर्मशाळेत ठेवलेली त्याची पेटी आली. काही आठवड्यांनी त्याचा प्रेसही आला. प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या. त्यांच्यामध्ये टिपकागद आणि झाडं ठेवून पट्ट्यानं आवळायची. बर्फाच्या काठावर एका मोठ्या दगडाखाली हा प्रेस मेंढपाळांना सापडला होता. पट्टे नीट आवळलेले होते. माणूस आसपास कुठंच नव्हता.

पेटीतली झाडं शामलानं वर्षावर्षानं ओळखून काढली. लग्नाआधी तीही त्याच विषयाची विद्यार्थिनी, आणि तो गेल्यावर विभागानं तिला डेमॉन्स्ट्रेटरची जागा दिली होती. प्रेसमध्ये मात्र एकच झाड होतं, आणि त्यावर होती घट्ट मिटलेली कळी. कळीवरून या कुळातलं झाड ओळखता येत नाही. हे पोरांना ओरडून ओरडून सांगणाऱ्या माणसानं कळी कशाला तोडली असेल, हे तिला कधी कळलं नाही.

दर मे महिन्यात ती त्या कळीचा दुमडलेला कागद कपाटातून काढायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि परत ठेवून द्यायची. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात तिनं तो काढला तेव्हा खालचा टिपकागद हाताला गार लागला. तिनं बोट दाबून पाहिलं आणि बोट ओलं झालं.

२

चंपतराव, म्हणजे तिचे सासरे, काटोलकडचे. संत्र्याची बाग, थोडी करडई, थोडी ज्वारी. त्या उन्हाळ्यात ते छाती दाखवायला धंतोलीतल्या डॉक्टरकडे आले आणि सुनेकडेच राहिले. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि शामलाला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा हिवाळा निघणं कठीण आहे. चंपतरावांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण ते अडाणी नव्हते आणि बहिरेही नव्हते.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून तिनं खाट टाकली तसे ते म्हणाले, “सूनबाई, बस वं जराशी.”

ती पायरीवर बसली. पुढचं बोलणं तिला ठाऊक होतं.

“बारा वर्सं होऊन गेली. भटजी म्हणते, आता पळसाचा पुतळा करून जाळता येते. रामटेकले, अंबाळ्यावर. माह्या हातानं होऊन जाऊ दे. मी गेलो तं कोण करीन?”

“करू नं, मामाजी.”

“तू गेल्या वर्सीबी करू म्हनलं होतं.”

“त्यांचं एक झाड राहिलं आहे ओळखायचं. तेवढं होऊ द्या. त्यांचं काम पुरं झालं की मग तुम्ही म्हणाल तेव्हा.”

चंपतरावांनी मान हलवली. पोराचं काम अर्धं राहू नये हे त्यांनाही पटत होतं. त्यांना हे कुठं ठाऊक होतं की कळी कधीच ओळखता येणार नाही आणि म्हणूनच सुनेनं हा शब्द दिला आहे? शामला काही लबाड बाई नव्हती. पण कपाळावरचं कुंकू पुसायचं नाही एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्यासाठी तिनं मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यालाही थोपवून ठेवलं होतं. त्याची तिला लाज वाटायची. लाज वाटूनही तिचा शब्द बदलत नव्हता.

“करडई कापून टाकली नं,” चंपतराव आपल्याच नादात म्हणाले, “तरी बोंड चार दिस जित्तं राह्यते. अंदर दाना भरत राह्यते बापा. कृष्ण्या लहान होता तं कानाले लावून पाहे. म्हने, आवाज येते.”

शामला हसली आणि स्वयंपाकाला उठली. पोळ्या लाटताना तिनं सकाळी ओल्या झालेल्या त्या बोटाकडे दोनदा पाहिलं.

३

ओलीला कारण असतं. दुसऱ्या दिवशी तिनं कारणं शोधली. पहिलं कारण खसताटी, म्हणून तिनं ताटीवर पाणी मारणं सोडलं आणि घामानं निथळत काम केलं. मग भिंतीपलीकडची पाण्याची टाकी. तिनं कागद त्या कपाटातून काढून समोरच्या भिंतीच्या कपाटात ठेवला. दोन्ही कपाटांतली बाकीची झाडं इतकी कडक होती की हात लावताच चुरा व्हावा. टिपकागद मात्र सकाळी पुन्हा ओला होता.

ओला कागद बदलायचा असतो. ताजं झाड प्रेसमध्ये घातलं की रोज टिपकागद बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची गोष्ट. शामलानं कागद बदलला. उद्या पुन्हा बदलला. असे चार-सहा दिवस गेल्यावर आपण काय करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. तेरा वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडाचे कागद ती ताज्या झाडासारखे बदलत होती.

एका दुपारी तिनं तो कागद विभागाच्या पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवला, वर वीट ठेवली आणि स्वतः जिन्यात बसून राहिली. पत्र्यावर पाय ठेववत नव्हता. खाली रस्ता ओस होता, एक सायकलरिक्षावाला झाडाखाली टॉवेल डोक्यावर घेऊन झोपला होता. बऱ्याच वेळानं तिनं वीट उचलली. वरचा वर्तमानपत्राचा कागद उन्हानं पिवळा पडून कडकडत होता. आतला टिपकागद ओला होता, आणि इतका गार की तिनं हात मागे घेतला.

कळी आता मिटलेली नव्हती. बाहेरच्या छदांचा, म्हणजे वाटीच्या पानांचा, एक फेर सुटून मागे वळला होता आणि आत पांढुरकी लव दिसत होती. या कुळातली फुलं प्रेसमध्ये घातल्यावरही उमलतात, हे तिनं वाचलेलं होतं, पाहिलेलंही होतं. तोडल्यावर एक-दोन दिवस, फार तर चार.

तिनं कागद नाकाशी नेला. डांबराच्या गोळ्यांचा वास यायला हवा होता, तो नव्हता. ओल्या लोकरीचा वास होता. जाण्याआधी तिनं त्याला शेवाळी रंगाचा स्वेटर विणून दिला होता. नागपूरच्या माणसाला थंडीचा अंदाज नसतो म्हणून दुहेरी दोऱ्यानं. एकदा धुऊन वाळत टाकला तेव्हा अंगणभर असाच वास सुटला होता. ती जिन्यात तशीच बसून राहिली. उन्हानं डोकं फिरतं, जेवण कमी पडतं, एकटं राहून माणूस वेडावतं, असं तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. तरी त्या दिवशी घरी जाताना तिला भीतीइतकाच आनंदही वाटत होता, आणि त्या आनंदाचं तिला जास्त भय वाटलं.

४

कुसुमताई विभागातल्या सगळ्यात जुन्या. लग्न केलं नाही, जिभेला हाड नाही आणि सूर्यफुलाच्या कुळात त्यांचा हात धरणारं मध्य प्रदेशापर्यंत कोणी नाही. कृष्णकांत त्यांचाच विद्यार्थी. सुट्टीत त्या काही पुस्तक न्यायला आल्या आणि शामला टेबलाशी टिपकागदाचा ढीग घेऊन बसलेली त्यांनी पाहिली.

“काय करून राहिलीस गं? एवढे कागद कशाले?”

शामलानं लपवायचा प्रयत्न केला. पण कुसुमताईंपुढे कोणाचं कधी काही लपलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, चष्मा पुसला आणि कागद उलगडला. फूल आता चांगलं अर्धं उमललं होतं. जांभळट बारकी फुलं लवेतून वर डोकावत होती.

“कधी तोडलंय?”

“त्यांच्या प्रेसमधलं आहे. शेवटचं.”

कुसुमताईंनी टिपकागद चिमटीत धरून चोळला, वास घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिलं. बाहेर कुठंतरी कोकीळ एकच सूर लावून बसली होती.

“हे पाह्य,” शेवटी त्या म्हणाल्या, “डोंगरावरची झाडं मीठ धरून ठेवतात कधी कधी. मीठ हवेतली ओल ओढतं.”

“नागपूरच्या मे महिन्यात, ताई? हवेत ओल कुठं आहे?”

“तू रोज घामेजल्या हातानं उघडतेस, ती ओल. आणि ही फुलं प्रेसमध्ये पिकतात, हे मी तुला शिकवलंय. झाड तोडलं की मेलं, असं आपण म्हणतो. त्याले कोणी सांगितलेलं नसतं. अंगातलं होतं नव्हतं ते पाणी पुरवून पुरवून ते बी भरत राहतं. बी पिकली की संपतं.”

“इतकी वर्षं?”

कुसुमताईंनी सुईनं लवेतला एक धागा अलगद वर ओढला. बाकी लव पांढरी होती. हा धागा शेवाळी होता.

“लोकर आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बाहीची लागली असेल कागदात घालताना. त्यात काय एवढं?”

त्यात काही नव्हतंच. शामलाला एकदम रडू आलं आणि कुसुमताईंनी तिला रडू दिलं. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यांच्या हातून जे कधी चुकत नसे ते त्यांनी केलं. त्यांनी झाड ओळखलं.

“सॉस्सुरिया आहे हे. बर्फाच्या काठाला, खडकांच्या फटीत येतं. थंडी सोसावी म्हणून ही सगळी लोकर. नवल काही नाही, माझ्याकडे याची दहा शीटं आहेत. बी पाहायचीसुद्धा गरज नाही.” त्यांनी नाव लिहायला पेन उघडलं आणि शामलाचा चेहरा पाहून बंद केलं. “तूच लिही. आणि मग सोड आता त्याले, शामला. म्हातारा झुरून राहिला आहे तिकडे.”

५

तिनं नाव लिहिलं नाही, पण चंपतरावांना खरं सांगितलं. दिलेला शब्द दिलेला होता. आणि कुसुमताईंचं सगळं बरोबर होतं. मीठ, घाम, बाहीची लोकर. कशालाही कारण सापडत नव्हतं असं नाही. उलट प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं. सगळी मिळून एकत्र बसत नव्हती एवढंच.

“झालं? वळखलं?” चंपतराव खाटेवर उठून बसले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा मोकळा झाला नव्हता. “माह्या पोराचं काम पुरं झालं म्हन.”

“हो, मामाजी.”

“कोनतं होतं?”

“तुमच्या करडईचं लांबचं भावंड. बर्फात उगवतं.”

म्हाताऱ्यानं पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. शामलानं पंखा त्यांच्या बाजूला वळवला आणि मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

“मामाजी, आणि ते परत आले तर?”

“मंग?”

“पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर काय करतात?”

“तेबी सांगलेलं आहे शास्त्रात,” ते म्हणाले. “त्याले तुपाच्या रांजनात बसवते. मंग बाहेर काढून न्हाऊ घालते, नव्यानं नाव ठेवते, नव्यानं लगन लावते, त्याच्याच बायकोसंग. तो नवा जन्मला असं धरते.” ते थोडं हसले. “येऊ दे वं. रांजनभर तूप मी देईन. बाग इकून देईन. पन येत नाही बेटा कोनी.”

भटजींनी सामान सांगितलं होतं. पळसाची पानं आणि देठ, दर्भ, डोक्यासाठी नारळ, जवसाचं नव्हे तर जवाचं पीठ, आणि पुतळा बांधायला लोकरीचा दोरा. सुती चालत नाही. मे महिन्यात नागपुरात लोकर कोण विकणार? सीताबर्डीवर दोन दुकानं फिरून चंपतराव धापा टाकत परत आले. तेव्हा शामलानं ट्रंक उघडली. तळाशी शेवाळी लोकरीचा एक गुंडा होता, स्वेटर विणून उरलेला. बाही आखूड झाली तर उसवून वाढवता यावी म्हणून तिनं तो जपून ठेवला होता.

गुंडा सासऱ्यांच्या हातात देताना तिच्या मनात आलं, नको. हा नको. पण कारण काय सांगणार? तिनं दिला.

रामटेकला जायच्या दिवशी सकाळी, निघण्याआधी ती कॉलेजात जाऊन आली. टिपकागद पार चिंब होता. तिनं तो बदलला, हात फुलावर थोडा वेळ ठेवला आणि कपाट लावलं.

६

बायका घाटावर जात नाहीत. पण चंपतरावांना पायऱ्यांवर धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून भटजींनी डोळेझाक केली. रामटेकचा अंबाळा तलाव उन्हानं आटून खाली गेला होता. पायऱ्या कोरड्या ठणठणीत, वर देवळांची रांग, आणि पाणी पार तिकडे तळाशी हिरवंगार.

भटजी तरुण होते, पण हात सराईत होता. त्यांनी काळ्या दगडावर दर्भ पसरला आणि पळसाचे देठ मांडायला घेतले. हे पाय, ह्या मांड्या, हे हात. नारळ डोक्याच्या जागी. मग शेवाळी दोऱ्यानं एकेक अंग बांधलं आणि वरून पीठ लिंपलं. शामला दहा पायऱ्या वर उभी होती. सुटी सुटी पानं होती तोवर तिला काही वाटलं नाही. दोऱ्यानं सगळी आवळून एक झाल्यावर तिला त्याच्याकडे बघवेना. छातीभोवती दोरा बरोबर स्वेटरइतका आला होता.

चंपतरावांनी मडक्यातून विस्तव पुढे केला. त्यांनी भटजींना हात लावू दिला नाही.

वारा नव्हता. तलावाच्या कडेचं गवताचं पातं हलत नव्हतं. विस्तव अजून दर्भाला टेकायचा होता आणि पुतळा हलत होता. आधी शामलाला वाटलं, सासऱ्यांचा हात लागला. मग तिला आवाज ऐकू आला. पानं पानांवर बारीक बारीक आपटत होती, न थांबता. थंडीनं काकडलेल्या माणसाचे दात वाजतात तसा तो आवाज होता. ती एक पायरी उतरली. तिला ओरडायचं होतं, थांबा, मामाजी, पण म्हाताऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. इतक्या वर्षांनी पोरासाठी काही करायला मिळालेल्या बापाचा तो चेहरा होता.

दर्भ पेटला. आवाज थांबला. कापणं थांबलं.

पळसाची पानं भुर्रकन पेटायला हवीत, पण धूरच फार झाला. पानांतून सुं सुं करत वाफ निघत होती. “पानं हिरवी आहेत,” भटजी म्हणाले, “वेळ लागतो.” आणि मग धूर एका बाजूला झाला तेव्हा शामलाला दिसलं. पुतळा कुशीवर वळला होता. गुडघे पोटाशी घेतलेले, हात छातीशी, विस्तवाकडे तोंड करून. गार पडलेला माणूस शेकोटीपाशी पडतो तसा.

धग लागली की पानं वळतात. हे तिला ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्र ती रोज शिकवत होती.

राख भरून झाल्यावर भटजींनी सांगितलं तसं तिनं मंगळसूत्र काढून सासऱ्यांच्या हातात दिलं. मग वाकून पाहिलं. ज्या दगडावर पुतळा जाळला तो दगड ओला होता. ओल माणसाच्या आकाराची होती, आणि भर उन्हात ती वाळत नव्हती. एस.टी. चुकेल म्हणून चंपतरावांनी हाक मारली, तेव्हा ती वर आली.

७

अशा सुतकाचे तीनच दिवस. ते सरल्यावर ती सकाळी कॉलेजात गेली. रस्त्याकडेच्या एकदांडीच्या बिया म्हाताऱ्या होऊन उडत होत्या. कपाळ मोकळं होतं म्हणून फाटकावरचा चौकीदार आपणहून उठून उभा राहिला आणि बाजूला झाला.

कपाट उघडताच आतून पांढरी म्हातारी तरंगत बाहेर आली. मग दुसरी. खण भरून त्या पसरल्या होत्या, इतर झाडांच्या कागदांवर, कोपऱ्यांत, दारावर. तिनं दुमडलेला कागद टेबलावर आणून उलगडला. फूल पूर्ण उमलून गेलं होतं, बी पिकून सुटली होती आणि वाटी रिकामी होती. तिनं देठाला बोट लावलं. तो तुटला आणि त्याचा चुरा झाला, जुन्या झाडाचा व्हावा तसा.

टिपकागद कोरडा होता. ती दोन्ही तळवे त्यावर दाबून बसली. कागद नुसता कोरडा नव्हता, तो ऊन होता. मे महिना होता, कपाटही ऊनच लागत होतं. पण ओल्या लोकरीचा वास गेला होता आणि त्या जागी जळक्या लोकरीचा होता.

बी पिकली की संपतं, असं कुसुमताई म्हणाल्या होत्या. म्हणजे तोवर संपलेलं नसतं. तोवर ते दाबाखाली, थंडीत, अंगातलं होतं नव्हतं ते पुरवत राहतं. तेरा वर्षांचं हे गणित शामलानं तिथं बसून एकदा मांडलं आणि पुन्हा मांडायचं धाडस तिला झालं नाही. भिंगाखाली एक बी धरून तिनं डोक्यावरचे केस पाहिले. कुसुमताईंचं बरोबर होतं. तिनं कागदावर झाडाचं नाव लिहिलं, खाली कृष्णकांतचं नाव लिहिलं आणि गोळा झाले तेवढे केस एका पाकिटात भरले.

घरी आली तेव्हा चंपतराव अंगणातल्या खाटेवर बसून संत्र्याच्या गोळ्या चघळत होते. त्या चार दिवसांत ते दोनदा पोटभर जेवले होते आणि रात्री खोकल्याविना झोपले होते. चेहऱ्यावर तजेला आला होता. तिनं पाणी आणून दिलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “एक गोष्ट मनात येऊन राहिली वं. बस.”

ती पायरीवर बसली.

“इतके वर्सं तो तसाच पडून असंन तिथं. ना इकडचा, ना तिकडचा. थंडीत. आपण त्याले लई उशीर तं नाही केला?”

शामलानं त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला. त्यांच्या नखांत अजून घाटावरच्या धुराची काजळी होती.

“नाही, मामाजी,” ती म्हणाली, “उशीर नाही झाला.”

चंपतरावांनी समाधानानं मान हलवली आणि ते खाटेवर आडवे झाले. ती पेला विसळायला आत गेली.